नुसती दगडंच हाईत की!

दगड बघायला म्हणून घराबाहेर पडलेला माणूस दगड सोडून बाकी सगळं बघून परत येतो, असं माझं ठाम मत आहे, आणि ते सिद्ध करायला कोल्हापूर जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायची गरज नाही. मसाई पठाराचा कुठलाही रविवार घ्यावा. बेत ठरतो तेव्हा तो अस्सल दगडाचाच असतो. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोराने मोबाइलवर एक व्हिडिओ बघितलेला असतो आणि शनिवारी रात्री जेवताना तो विषय काढतो. "उद्या मसाईला जाऊया." "काय हाय तिथं?" "पठार." "पठारावर काय हाय?" "जांभा दगड." "आणि त्या दगडावर?" पोरगं गप्प. या शेवटच्या प्रश्नाला आजवर एकाही घरात उत्तर मिळालेलं नाही, आणि तरीही बेत मोडत नाही. कारण तोवर चर्चा दगडावरून डब्यावर गेलेली असते. चपाती न्यायची की भाकरी, खरड्यात शेंगदाणे घालायचे की नाहीत, भडंग घरचं की विकतचं, एवढं ठरलं की दौरा पक्का. मग "सकाळी सहाला गाडी सुटणार" अशी घोषणा होते आणि गाडी साडेनवाला सुटते. सहाला निघायचं ठरलेलं असतं, उठायचं कुणी ठरवलेलंच नसतं.

शिवाजी पूल ओलांडला की भूक लागते. घरून खाऊन निघालेल्यांनाही लागते, त्यामुळे यात पोटाचा काही संबंध नसून दोष पुलाचा असावा. मिसळ झाली की केर्लीला जोतिबाचा फाटा येतो, मागच्या सीटवरून हात जोडले जातात आणि "एवढं आलोय तर देवाला जाऊन येऊया की" असा ठराव मांडला जातो. तो फेटाळला तर आजी संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलत नाहीत. मंजूर झाला तर दगड दुपारवर जातो. वाघबिळाला चहा होतो. पन्हाळ्याच्या नाक्यावर पावती फाडताना "दगडं बघायला पैसं?" असा तात्त्विक प्रश्न उपस्थित होतो आणि मागच्या पाच गाड्या हॉर्न वाजवून त्यावर आपापलं मत देतात. गडावर आल्यावर झुणका-भाकरी खाल्ल्याशिवाय पुढं जाणं हा पन्हाळ्याचा अपमान समजला जातो, आणि तीन दरवाजापाशी मीठ-लिंबू चोळलेलं कणीस न खाणं हा शेतकऱ्याचा. अशा रीतीने मंडळी मसाईवर पोचतात तेव्हा ऊन टाळूवर आलेलं असतं, आणि समोर नजर जाईल तिथवर तांबूस-काळा, सपाट, झाड नसलेला सडा पसरलेला असतो. धो धो पावसाच्या मुलखात हे एवढं वाळवंट आलं कुठून, असा प्रश्न इथं कुणालाही पडावा. पडतो तो वेगळाच. काका कमरेवर हात ठेवून चहूकडं बघतात आणि म्हणतात, "हितं प्लॉट पाडलं तर?" त्यांचे मेव्हणे एकरी दर काढतात. पोरांना पिच दिसतं. आजींना मसाई देवीचं देऊळ आठवतं. सुनेला एका विशिष्ट दगडावर उभं राहिलं की मोबाइलला रेंज मिळते असा शोध लागतो आणि दहा मिनिटांत अख्खं खानदान त्या एका दगडावर उभं असतं. त्या दगडाकडं मात्र कुणी खाली मान घालून बघत नाही, कारण सगळ्यांच्या माना मोबाइलमध्ये घातलेल्या असतात.

बघण्यासारखं काही नव्हतं, असं म्हणता येणार नाही. त्या चपलांखाली जे होतं त्याचं वय सुमारे 6.6 कोटी वर्षं. तेव्हा इथं जमीन फाटून लाव्हा वाहत होता, थरावर थर चढत होते, आणि त्यातून झालेला काळा दगड आजही पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. त्या काळ्या बसाल्टवर लाखो वर्षं ऊन-पाऊस खेळला, विरघळणारं सगळं वाहून गेलं आणि लोखंड-ॲल्युमिनियमचा, लोखंडाने लाल झालेला, भोकाभोकांचा जांभा वर उरला. त्यावर माती असते बोटभर. म्हणून पावसाळ्यात जिथं तळी साचतात आणि किडे खाणारी दवबिंदूसारखी चिमुकली झाडं उगवतात, तिथंच एप्रिलमध्ये वाळवंट होतं. 2022 साली या पठाराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला तो काही काकांच्या प्लॉटसाठी नाही. पन्हाळ्याजवळच बांदिवड्याला तर बसाल्टचे खांबच्या खांब उभे आहेत: लाव्हा थंड होताना आकसला आणि रंकाळ्याच्या काठचा चिखल उन्हात तडकतो तसा पाच-सहा कोनांत तडकत खोल गेला. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे ती याच जातीची. यवतमाळ जिल्ह्यात शिबला-पार्डीला असे खांब 2021 मध्ये सापडले, आणि तेही दगड बघायला गेलेल्या कुणाला नव्हे; रस्त्याचं काम चाललं होतं. माझ्या मताला याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही. इतकी माणसं हौसेने डोंगरदऱ्या हिंडतात, आणि दगड दिसतो तो ज्याला तो फोडून रस्ता करायचा आहे त्याला.

यावर पहिला आक्षेप सुशिक्षितांचा येतो. लोकांना माहिती नसते हो, फलक लावा, मग बघा कशी आवड निर्माण होते! फलक लावून बघितले तरी काय होणार ते सांगता येतं. पर्यटनस्थळाच्या फलकावरचे फक्त दोन मजकूर मराठी माणूस मनापासून वाचतो: किती किलोमीटर, आणि स्वच्छतागृह कुठल्या बाजूला. उरलेल्या मजकुराचा फोटो काढला जातो. तो घरी गेल्यावर निवांत वाचायचा असतो आणि तसा तो वाचल्याचं एकही उदाहरण उपलब्ध नाही. शिवाय माहिती नसते हेही खरं नाही. अग्निजन्य, स्तरित आणि रूपांतरित हे खडकांचे तीन प्रकार शाळेत गेलेल्या प्रत्येकाला झोपेतून उठवून विचारले तरी म्हणता येतात; ते झोपेतच पाठ केलेले असतात हे त्याचं कारण. आणि कोल्हापूरकराला तर निमित्तांची कमी नाही. अंबाबाईचं देऊळ काळ्या पाषाणाचं, खिद्रापूरचा कोपेश्वर काळ्या पाषाणाचा, 1877 ते 1884 या काळात मेजर मँट यांच्या आराखड्यावर बांधलेला नवा राजवाडा काळ्या पाषाणाचा, आणि खुद्द रंकाळा ही मुळात दगडाची खाण होती अशी जुनी समजूत. हा माणूस जन्मभर लाव्ह्यात राहतो, लाव्ह्याला नमस्कार करतो, लाव्ह्याच्या कट्ट्यावर बसून दूध पितो. 2019 साली मटणाचा दर वाढला तेव्हा हेच शहर रस्त्यावर उतरलं होतं, म्हणजे बारकाईने बघायची ताकद अंगात नाही असं कुणी म्हणू नये. विषय जिव्हाळ्याचा पाहिजे, एवढंच.

दुसरा आक्षेप जास्त चिवट आहे. तो असा की हे आपलं रांगडेपण झालं. बाहेरच्या देशांत लोक दगड कसा श्रद्धेने बघतात ते जरा जाऊन बघा. उत्तम. हल्ली कोल्हापूरचे आईवडील जातातही. पोरगं अमेरिकेत असतं, ते सुट्टी काढून त्यांना युटाच्या वाळवंटात आर्चेस राष्ट्रीय उद्यान दाखवायला नेतं. तिथं वाळूच्या दगडाच्या दोन हजारांहून जास्त नैसर्गिक कमानी आहेत. गर्दी इतकी की 2022 साली हंगामात आत जायची वेळ आगाऊ आरक्षित करायची पद्धत आली होती, म्हणजे दगडाची अपॉइंटमेंट घ्यायची. "एवढं इमानात बसवून आणलंस ते ही दगडं बघायला व्हय? जोतिबाच्या वाटेला ढिगानं पडल्यात." "आप्पा, ही कुणी घडवलेली नाहीत. वारा, पाणी, बर्फ..." "मग त्यात त्यांचं काय कौतुक? कुणी घडवलीच न्हाईत म्हंतोस." आई तोवर एकुलत्या एका झुडपाची सावली हेरून असते. "मी हितंच बसतो. तुम्ही जाऊन या, आणि पाण्याची बाटली ठेवून जावा." हे झालं आपलं. आता त्या श्रद्धाळू परदेशी लोकांनी या दगडांना नावं काय दिली आहेत ती बघावीत. एकाचं नाव 'थ्री गॉसिप्स', म्हणजे चहाड्या करत उभे असलेले तिघं. एक 'परेड ऑफ एलिफंट्स', हत्तींची रांग. युटामधल्याच ब्राइस कॅन्यनमध्ये एक थॉरचा हातोडा आहे आणि एक व्हिक्टोरिया राणी. कॅलिफोर्नियाच्या जोशुआ ट्री उद्यानात कवटी आहे. म्हणजे हजारो मैलांवरून आलेला माणूस कोट्यवधी वर्षांच्या दगडासमोर उभा राहतो आणि त्याला दिसतात कोपऱ्यावरच्या चहाडखोर बायका. महाबळेश्वरला आलेल्या इंग्रजाला कड्यात हत्तीचं डोकं दिसलं आणि त्याच कड्यात सुईचं भोक. खंडाळ्याला त्याला एका ड्यूकचं नाक दिसलं, त्याच सुळक्यात आपल्याला नागाची फणी दिसली होती. मसाईवर पोराला एका दगडात उंट दिसला, तर त्यात पोराचं काय चुकलं? चुकलं एवढंच, की तो उंट दाखवायला त्याने सगळ्यांना एका ओळीत उभं केलं आणि "मान वाकडी करा, एक डोळा मिटा, आता दिसला का?" असं अर्धा तास चालवलं. आत्याला शेवटपर्यंत गणपतीच दिसत राहिला. त्यावरून जे झालं त्यात दगड बिचारा कुठंच नव्हता.

याचं कारण दगडातच आहे, असं मला वाटतं. धबधबा पडतो, वाघ निदान शेपूट हलवतो, समुद्र काही ना काही करत असतो. दगड काहीच करत नाही. त्याने जे करायचं ते सगळं आपण येण्यापूर्वी करून ठेवलेलं असतं आणि पुढचं करील तेव्हा आपण नसतो. आर्चेसमधली वॉल आर्च ही नामांकित कमान 2008 च्या ऑगस्टमधल्या एका रात्री कोसळली. इतकी वर्षं लाखो लोक तिच्याखालून फोटो काढत गेले. ज्या एका क्षणी तिने काही करून दाखवलं तेव्हा बघायला कुणी नव्हतं. अशा माणूसघाण्या वस्तूकडं किती वेळ टक लावून बघायचं? आपल्याकडं राजगडाच्या आणि रतनगडाच्या माथ्यावर कड्याला आरपार भोक पडलेलं आहे, त्या नेढ्यात लोक तास तास बसतात, हे खरं. पण तिथं वारा चांगला लागतो. त्या वाऱ्याला पाठ देऊन, पाय पसरून, पलीकडचा डोंगर कुठला यावर वाद घालायचा असतो. एकाला तोरणा दिसतो, दुसऱ्याला तोच सिंहगड दिसतो, तिसरा मोबाइलमध्ये नकाशा उघडतो आणि रेंज नसते. बूड मात्र भोकात.

इतिहासप्रेमी इथं भुवया उंचावतील. दगड बघायची दृष्टी आपल्या पूर्वजांना नव्हती म्हणता? वर सपाट माथा आणि खाली ताशीव कडा, हा लाव्ह्याने घालून दिलेला नकाशा ओळखूनच तर किल्ले उभे राहिले. पन्हाळ्यासकट बारा किल्ल्यांना जुलै 2025 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलं ते उगीच नाही. आक्षेप रास्त आहे, आणि मी तो निम्मा मान्य करतो. त्यांनी दगड बघितला हे खरं, पण दगडाची सहल म्हणून नाही. खाली शत्रू उभा होता म्हणून. 1660 च्या जुलैत ज्या रात्री शिवाजी महाराज पन्हाळ्यावरून निसटून याच मसाई पठारावरून विशाळगडाकडं गेले, त्या रात्री बरोबरच्या मावळ्यांपैकी कुणी थांबून "जांभा काय छान झिजलाय नाही!" असं म्हटलं असेल, हे संभवत नाही. आता दर पावसाळ्यात त्याच वाटेवरून हजारोंचे जथे जातात. त्यांच्या पायांना निसरड्या दगडाची जी काय ओळख होते ती फक्त बूड आपटल्यावर.

राहता राहिले भूगर्भशास्त्रज्ञ. निदान ते तरी दगड बघतात, हा शेवटचा आणि सर्वांत भारी आक्षेप. त्यांच्या पुस्तकांतले फोटो काढून बघा. एकाही फोटोत नुसता दगड नसतो. शेजारी हातोडी ठेवलेली असते. हातोडी विसरली तर पेन, पेन विसरलं तर एक रुपयाचं नाणं, नाणंही नसेल तर कॅमेऱ्याच्या लेन्सची टोपी. हे आकाराचा अंदाज यावा म्हणून करतात, असं त्यांचं म्हणणं, आणि ते शास्त्राला धरून आहे. मग आमच्या आत्याही दगडाशेजारी उभ्या राहून फोटो काढून घेतात. त्यांची उंची पाच फूट एक इंच, आणि हातोडी दरवर्षी साडी बदलत नाही, एवढाच काय तो फरक.

पण समजा, उद्या चमत्कार झाला आणि माणसं खरोखरच दगडाकडं निरखून बघायला लागली, तर दगडाचं भलं होईल का? पुरावा उलटा आहे. 2013 साली युटामधल्याच गॉब्लिन व्हॅलीत स्काउटचे काही म्होरके एका दगडाकडं खरंच मन लावून बघत होते. सडपातळ बुंध्यावर टोपी ठेवावी असा तो कोट्यवधी वर्षांचा दगड त्यांना कलंडेल असा वाटला. मुलांच्या अंगावर पडू नये म्हणून त्यांच्यातल्या एकाने तो ढकलून पाडला, दुसऱ्याने त्याचं चित्रीकरण केलं, आणि सगळे टाळ्या पिटून हसले. पुढं खटला झाला. त्यापेक्षा आमचे काका बरे. त्यांनी नुसतेच प्लॉट पाडले, दगड नाही पाडला. किल्ल्यांवर दगडाशी ज्यांनी जवळीक केली त्यांनी बदामात स्वतःचं नाव आणि दुसरं एक नाव कोरून ठेवलंय, आणि अलीकडं त्याच्याखाली इन्स्टाग्रामचा पत्ताही देतात. आणि जांभ्याच्या सड्यांकडं आजवर सर्वांत आस्थेने कुणी बघितलं? बॉक्साइटवाल्यांनी. राधानगरी आणि शाहूवाडीच्या डोंगरमाथ्यांवर ते आले, त्यांनी दगड उचलून बघितला, फोडून बघितला, प्रयोगशाळेत तपासून बघितला. आम्हा सहलवाल्यांना ज्यात उंटाखेरीज काही दिसलं नसतं त्यात त्यांना ॲल्युमिनियम दिसलं. मग खाणी झाल्या, आणि माथ्याचे माथे ट्रकमध्ये बसून घाट उतरून गेले. तेव्हा पिकनिकला येऊन दगडाकडं पाठ करून भडंग खाणाऱ्या माणसाला कुणी हिणवू नये. भडंगाची पिशवी तेवढी परत न्यावी.

एक दगड मात्र कोल्हापूरकर रोज बघतो, हे कबूल करायला पाहिजे, कारण तो काहीतरी करतो अशी ख्याती आहे. रंकाळ्याकाठचा नंदी रोज गव्हाएवढा पुढं सरकतो आणि तांदळाएवढा मागं येतो, अशी आख्यायिका आहे. तो मुक्कामाला पोचेल त्या दिवशी प्रलय. अमेरिकेतही डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानात कोरड्या तळ्यावर दगड आपोआप सरकत होते आणि मागं लांबलचक चरे सोडत होते. शास्त्रज्ञांनी दगडांना जीपीएस बसवलं, हिवाळे काढले आणि 2014 मध्ये जाहीर केलं की रात्री पातळ बर्फ धरतो, सकाळी तो तडकतो आणि हलक्या वाऱ्याने दगडाला ढकलत नेतो. साहजिकच आपल्याकडंही कुणी चिकित्सक उठून म्हणेल, नंदीला जीपीएस बसवा. हे अजिबात करू नये. सरकत नाही असं निघालं तर गावाच्या भावना दुखावतील. सरकतो असं निघालं तर गव्हातून तांदूळ वजा करून, उरलेलं अंतर मोजून प्रलयाची तारीख काढावी लागेल, आणि त्यात गहू कुठल्या जातीचा, तांदूळ आजऱ्याचा घनसाळ धरायचा की साधा, यावर दोन तट पडतील. एवढं करून तारीख आलीच, तर पेठांमधून पहिला प्रश्न एकच येईल: वार कुठला? सोमवार किंवा शनिवार असला तर गावाची काही हरकत नाही. रविवार आला तर मात्र प्रलय दुपारी तीननंतर ठेवावा लागेल. तांबडा-पांढरा झाल्याशिवाय कोण उठतंय पाटावरनं?